युनिव्हर्सल ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर, सहा महिने वापरून झाल्यावर: साडेतीन स्टार

आधीच सांगते, हा रिव्ह्यू आपला प्लग परदेशातल्या सॉकेटला लावून देणाऱ्या एका काळ्या चौकोनी ठोकळ्याचा आहे. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवल्या की जेवढा होईल तेवढा. त्यावर एवढं लांबलचक लिहितेय म्हणून माझं मलाच हसू येतंय, पण परदेशात शिकायला निघायच्या आधी मी जॅकेट कुठलं, बॅग किती लिटरची, बूट वॉटरप्रूफ पाहिजेत का यावर रात्र रात्र रिव्ह्यू वाचले आणि हा ठोकळा मात्र आदल्या दिवशी "असू दे, टाक" म्हणून बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात कोंबला, आणि पहिल्या आठवड्यात ज्या एका वस्तूवाचून खरंच अडलं असतं ती नेमकी हीच निघाली. ब्रँडचं नाव देत नाहीये. एक तर या जातीचे सगळे अ‍ॅडॉप्टर दिसायला सारखेच, बाजूला सरकपट्ट्या, एक बटण, खाली यूएसबीची भोकं, आणि खोक्यावर "१५०+ देशांत चालतो" असं छापलेलं. आणि मला जे सांगायचंय ते त्या कंपनीबद्दल कमी, या प्रकाराबद्दलच जास्त आहे.

पहिली रात्र. विमान उशिरा उतरलं, मधल्या विमानतळावर सात तास बसून पॉवरबँक संपवलेली (२०,००० एमएएचची, म्हणजे ७४ वॉट-अवर, १०० च्या आत असली की केबिनमध्ये नेता येते, चेक-इन बॅगेत मात्र टाकायची नसते, एवढं तरी मला माहीत होतं). फोन ९ टक्के. आणि त्या फोनात काय काय होतं बघा: हॉस्टेलचा पत्ता, मुख्य दाराचा कोड, चावी ज्या लॉकरमध्ये ठेवलीय त्या लॉकरचा वेगळा कोड, ट्रेनच्या तिकिटाचा क्यूआर, आणि नकाशा. कागदावर काहीही नाही. अगदी काहीही नाही! एवढं मोठं शहर, रात्रीचे साडेअकरा, आणि मी स्क्रीनचा ब्राइटनेस शून्यावर आणून रस्त्याच्या दिव्याखाली उभी राहून घर नंबर शोधतेय. खोलीत पोचले तेव्हा ३ टक्के उरले होते.

भिंतीवर सॉकेट बघितलं तर काहीतरी वेगळंच, गोल खोल वाटीसारखा खड्डा आणि तळाशी दोन भोकं. ठीक आहे, आपल्याकडे ठोकळा आहे ना. बटण दाबलं, पट्टी सरकवली, दोन गोल पिना बाहेर आल्या, लावायला गेले तर ठोकळ्याचं चौकोनी अंग त्या गोल खड्ड्यात जाईचना. पिना कशाबशा टोकापर्यंत टेकल्या, हात सोडला की ठोकळा हळूच मान टाकून खाली. चार वेळा तसं झालं. शेवटी मोठी सुटकेस ढकलत आणून भिंतीला टेकवली, वर सॅक ठेवली, आणि त्या दाबाने ठोकळा जागेवर राहिला तेव्हा कुठे चार्जिंगचं चिन्ह आलं. माझी नवीन शहरातली पहिली रात्र सुटकेस हलणार नाही ना हे बघत गेली.

हे का होतं ते मला नंतर कळलं. त्या खोलगट सॉकेटला इंजिनिअरिंगच्या भाषेत टाइप एफ म्हणतात, त्याचा खरा प्लग गोल असतो, वाटीत घट्ट बसतो, आणि त्याच्या पिना ४.८ मिलिमीटर जाडीच्या असतात. युनिव्हर्सल ठोकळ्यात ज्या गोल पिना येतात त्या बहुतेक वेळा टाइप सी म्हणजे युरोप्लगच्या असतात, ४ मिलिमीटरच्या. युरोप्लग हा मुळात हलक्या वस्तूंसाठी केलेला, २.५ अँपिअरपर्यंतचा, एक बारकी वायर आणि छोटासा चपटा प्लग असं गृहीत धरून. त्या काड्यांवर आपण पाव किलोचा ठोकळा लटकवतो, वर त्याला लॅपटॉपची वायर, वर दोन यूएसबी. पडणारच की तो. तेव्हा विकत घेताना फोटोत पिनांकडे नाही, ठोकळ्याच्या अंगाकडे बघा. जिथे जाणार त्या देशात खोलगट सॉकेट असेल तर चौकोनी "सर्व देशांचा" अ‍ॅडॉप्टर घेऊच नका, त्या एकाच देशाचा छोटा गोल अ‍ॅडॉप्टर घ्या, स्वस्तही असतो आणि वाटीत बसतोही. ब्रिटनसारखा टाइप जी असेल तर पडायचा प्रश्न नाही, तिथल्या तीन चपट्या जाड पिना ठोकळ्याला चांगलं धरून ठेवतात. पण त्यातही एक गंमत आहे, ती पुढे सांगते.

तर चालण्याबद्दल. दीडशे देश म्हटलं की वाटतं दीडशे प्रकार असतील, पण आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या म्हणजे आयईसीच्या यादीत प्लगचे १५ प्रकार आहेत, ए पासून ओ पर्यंत. आणि या लोकांनी सगळ्या जगाला एकच प्लग द्यायचा प्रयत्नही केला होता बरं का, १९८६ मध्ये तसं मानक छापलंसुद्धा, पण तोपर्यंत प्रत्येक देशाच्या भिंतीत आपापली भोकं पडून गेली होती, मग ते घेतलं कुणी तर ब्राझीलने (तेही थोडं बदलून) आणि दक्षिण आफ्रिकेने. बाकी सगळे जिथल्या तिथे. माझ्या ठोकळ्यात ए, सी, जी आणि आय या चारच जाती आहेत. सी बऱ्याच ठिकाणी कसातरी घुसतो म्हणून आकडा दीडशेवर जातो. कसातरी घुसणं म्हणजे चालणं असं धरलं तर दावा खरा आहे म्हणायचा.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. हा ठोकळा फक्त पिनांचा आकार बदलतो. व्होल्टेज बदलत नाही. खोक्यावर हे लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला आधी लाईट लागते. आमच्या मजल्यावर सहा देशांची मुलं आहेत आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांची समजूत हीच होती की अ‍ॅडॉप्टर लावला की झालं. आमच्या इमारतीत २३० व्होल्ट आहे. एक मुलगा १२० व्होल्टच्या देशातून आलेला, हुशार मुलगा, त्याने लॅपटॉपच्या चार्जरवर "१००-२४०व्ही, ५०/६०हर्ट्झ" वाचलं, फोनच्या चार्जरवर वाचलं, सगळं बरोबर केलं, आणि मग म्हणाला की मी घरून सहा सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड आणलाय, तुझा अ‍ॅडॉप्टर दे, त्याला हा बोर्ड लावू म्हणजे माझे सगळे प्लग जसेच्या तसे चालतील. युक्ती खरंच भारी वाटली मला. बोर्ड लावला, खटका दाबला, आणि फट्! जळका वास, आणि अख्ख्या मजल्याची लाईट गुल. तो बोर्ड सर्ज प्रोटेक्शनवाला होता, त्याच्या आत जो विजेचा झटका गिळणारा भाग असतो तो १२० व्होल्टच्या हिशोबाने बनवलेला, त्याला २३० म्हणजे कायमचाच झटका. चार्जर दोन्हीकडे चालतात, बोर्ड चालत नाही, आणि बोर्डावर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. केअरटेकर आला, एमसीबी वर केला, बोर्ड उचलून नेला, आणि हॉस्टेलच्या नियमांचं ते पान काढून दाखवलं ज्यावर बाहेरून आणलेले एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाहीत असं लिहिलेलं आहे. आम्ही दोघांनीही त्यावर सही केलेली होती.

इथे ठोकळ्याला एक पूर्ण स्टार. आतला फ्यूज उडाला, ठोकळा वाचला, खोक्यात एक जादा फ्यूज दिलेला होता तो नाण्याने झाकण फिरवून बसवला, पाच मिनिटांत परत सुरू. ज्यात फ्यूज बदलता येत नाही असा अ‍ॅडॉप्टर घेऊ नका, एवढं तरी माझं ऐका.

पण फ्यूज आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. माझ्या ठोकळ्यावर ८ अँपिअर लिहिलंय, म्हणजे २३० व्होल्टवर १,८४० वॉट आणि ११० वर फक्त ८८०. व्होल्ट गुणिले अँपिअर, शाळेतलं गणित. फोनचा चार्जर २० वॉट, लॅपटॉप ६५ वॉट, यांचं काहीच नाही. ज्याने काही तापतं ते बरंचसं मात्र हजारच्या पुढे. शेजारच्या खोलीतली मैत्रीण २,००० वॉटचा हेअर ड्रायर लावून बसली, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, तर फ्यूज काही उडाला नाही, कारण थोड्याशा जादा लोडला फ्यूज लगेच उडत नसतो, तो वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळात सैल पिनांच्या जागी ठोकळा इतका तापला की प्लास्टिकचा वास खोलीभर. वायर धरून ओढून काढला. अजून त्या बाजूला थोडं पिवळट दिसतं. व्होल्टेजचंही तेच, गरम करणाऱ्या वस्तूला २३० च्या जागी १२० मिळाले तर ती निम्मी नाही, जेमतेम पाव तापते, आणि १२० ची वस्तू २३० वर लावली तर साडेतीन पटीहून जास्त तापायला बघते, म्हणजे जळते. ड्रायर, स्ट्रेटनर, किटली, इस्त्री घरून आणूच नका. जागा खातात, वजन खातात, आणि वर हे. इथे जुन्या वस्तू देऊन जाणारी मुलं दर सत्राच्या शेवटी भरपूर असतात.

(जपानला जाणाऱ्यांसाठी एक कंस: तिथे १०० व्होल्ट, आणि देशाच्या पूर्वेला विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०, कारण १८९५-९६ च्या सुमारास टोकियोने जर्मन जनरेटर आणले आणि ओसाकाने अमेरिकन. आजतागायत तसंच आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं, म्हणजे आपणच एकटे गोंधळलेले नाही.)

झिणझिण्यांबद्दल पण सांगायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लॅपटॉपवर मनगट टेकवलं की बारीक मुंग्या आल्यासारखं व्हायचं, मला वाटलं झोप झाली नाही म्हणून. मग लक्षात आलं की चार्जर काढला की होत नाही. माझ्या लॅपटॉपचं अंग धातूचं आहे, चार्जर तीन पिनांचा आहे, आणि तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. ठोकळ्यात तीन पिनांचा प्लग घालता येतो खरा, पण ती तिसरी पिन आत कुठेच जोडलेली नाही, नुसतं भोक आहे! अर्थिंगला न गेलेला तो किंचितसा करंट चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून लॅपटॉपच्या अंगावर येतो. जीवाला धोका होईल इतका नसतो पण त्रास होतो, आणि रात्री अंधारात जरा भीतीही वाटते. ती टाइप जी वाली गंमत इथेच आहे, ब्रिटिश सॉकेटमध्ये अर्थिंगची लांब पिन आधी आत जाते आणि बाकीच्या दोन भोकांवरचे पडदे उघडते, म्हणून ठोकळ्यालाही ती पिन द्यावीच लागते, पण बहुतेक सरकपट्टीवाल्यांत ती चक्क प्लास्टिकची असते. दार उघडण्यापुरती. खोक्यावर अर्थिंगचा उल्लेख नसेल तर अर्थिंग नाही असंच समजायचं. या मुद्द्याला सरळ एक स्टार कापला.

यूएसबी पोर्ट्सबद्दल जास्त बोलण्यासारखं नाही. तीन आहेत, यूएसबी टाइप सी वाला (प्लगच्या टाइप सीशी याचा संबंध नाही) १५ वॉट देतो, फोनला पुरतो, लॅपटॉपला नाही, आणि तिन्ही भरले की तिन्ही रडतात.

आता तुम्ही म्हणाल की एका चार्जिंगच्या वस्तूसाठी एवढं काय. तर पहिले तीन आठवडे दिवस कसा जायचा ते सांगते. सकाळी आठला बाहेर पडायचं, शहर एवढं मोठं की कुठेही जायचं म्हणजे तासभर, फोन हेच तिकीट, फोन हाच नकाशा, पाट्या वाचायला फोनचा कॅमेरा. बँकेत गेले तर पत्त्याचा पुरावा आणा म्हणतात. घर बघायला गेले तर इथल्या बँकेचं खातं दाखवा म्हणतात. सिमकार्डाच्या दुकानात महिन्याचा प्लॅन हवा तर दोन्ही दाखवा म्हणतात. या चक्रातून मला सोडवलं ते विद्यापीठाच्या ऑफिसमधून मिळालेल्या एका पानाच्या पत्राने, त्यावर नाव, पत्ता, कोर्सच्या तारखा आणि शिक्का, बस्स. ते पत्र मागितल्याशिवाय मिळत नाही, पहिल्याच दिवशी दोन-तीन प्रती मागून घ्या. आणि घरच्या बँकेचा प्रत्येक ओटीपी जुन्या सिमवर, ते सिम काढून ठेवलं तर पैसे असून अडकलात, म्हणून जुनं सिम रोमिंगवर फोनातच राहू दिलं आणि इथला नंबर ई-सिमवर घेतला. दोन नंबर, सतत नकाशा, दुपारी दोन वाजता बॅटरी २० टक्के. आणि बॅटरी संपली की मी त्या शहरात कोणीच नव्हते, ना तिकीट, ना पत्ता, ना पैसे.

म्हणून मी जिथे जाईन तिथे आधी सॉकेट शोधायला शिकले. लायब्ररीत खांबाच्या मागे दोन असतात, मोठ्या स्टेशनांवर खिडकीलगतच्या बाकांजवळ, विद्यापीठात शेवटच्या रांगेत. शहर असंही ओळखीचं होतं बघा, लोकांना चौक आठवतात, मला भिंती आठवतात. लायब्ररीत जमिनीतली सॉकेट्स सगळ्यात चांगली, वर तोंड करून असतात, ठोकळा पडायचा प्रश्नच नाही. तिथेच माझी तीन जणांशी ओळख झाली, कारण ठोकळ्यात एका बाजूने माझा प्लग आणि यूएसबीत त्यांच्या वायरी. यातली एक जण पुढे माझी फ्लॅटमेट झाली. याचे स्टार ठोकळ्याला द्यावेत का यावर माझं अजून ठरलेलं नाही.

आणि आता या रिव्ह्यूमधली सगळ्यात कामाची गोष्ट, जी मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर मी त्याचे पाय धरले असते. बहुतेक लॅपटॉपच्या चार्जरची वायर दोन तुकड्यांत असते ना, एक चार्जरच्या डब्यापासून लॅपटॉपपर्यंत आणि दुसरी त्या डब्यापासून भिंतीपर्यंत. ती भिंतीकडची वायर ओढली की निघते. तिचं चार्जरकडचं टोक जगभर सारखं असतं, तीन गोल पाकळ्यांचं असेल तर सी५, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं असेल तर सी७, ही मानकं खरोखर सगळीकडे एकच आहेत. म्हणजे भिंतीतली भोकं पंधरा प्रकारची, पण वायरचं दुसरं टोक एकच. इथल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन इथल्या प्लगची सी५ वायर आणली, दोन मिनिटांत काम झालं, अर्थिंग आलं, झिणझिण्या गेल्या, भिंतीत घट्ट बसला, सुटकेस ढकलायला नको. फोनसाठी इथलाच एक यूएसबी टाइप सी चार्जर घेतला. युरोपियन युनियनमध्ये २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना यूएसबी टाइप सी सक्तीचं झालंय, त्यामुळे वायरीचा प्रश्नही बऱ्यापैकी मिटलाय. तीन आठवड्यांनी माझ्या खोलीत ठोकळा लागेनासा झाला.

मग घ्यावा का? घ्यावा. एकच घ्यावा, तीन नाही (माझ्या एका मित्राने पाच आणलेत, पाचही पडतात). हातातल्या बॅगेत ठेवावा, चेक-इनमध्ये नाही. बदलता येणारा फ्यूज, कमीत कमी ८ अँपिअर, जाणार त्या देशाच्या सॉकेटमध्ये अंग बसतंय का ते बघून. पहिल्या दोन-तीन आठवड्यांची वस्तू आहे, तेवढ्यापुरती चार स्टारची. सहा महिने रोज वापरायची म्हटली तर तीनच. म्हणून मधे साडेतीन.

सध्या माझा ठोकळा कोपऱ्यातल्या खोलीत नवीन आलेल्या मुलीकडे आहे. परवा रात्री बाराला दार वाजवलं, फोन हातात, २ टक्के. ठोकळा दिला आणि सॉकेटला लावून झाल्यावर तिची सुटकेस भिंतीकडे ढकलायला मदत केली. वायरच्या दुकानाचा पत्ता कागदावर लिहून दिलाय.